पॉवरक्लिपच्या आत शिरताना: मास्क केलेलं डिझाईन दुरुस्त करणाऱ्या नव्यांसाठी

रंगपंचमी आठवड्यावर आली की आमच्या दुकानात एक वाक्य दिवसातून दहादा कानावर पडतं: "ताई, मागच्या वर्षीचीच फाईल आहे, फक्त फोटो बदलायचा." नाशिकला रविवार कारंजाच्या आसपास ज्यांची फ्लेक्सची दुकानं आहेत त्यांना या 'फक्त'ची किंमत ठाऊक आहे. मुंबईकर धुळवडीलाच रंगून मोकळे होतात, नाशिक पंचमीपर्यंत थांबतं. त्यामुळे आम्हाला काम उरकायला चार दिवस जास्त मिळत असतील असं कुणालाही वाटेल. मिळत नाहीत. ग्राहक चौथ्या दिवशी संध्याकाळीच येतो.

मागच्या वर्षी नव्याने कामाला लागलेल्या मुलाने अशीच एक फाईल उघडली. दहा बाय आठ फुटांचा फ्लेक्स, मधोमध गोलात मंडळाच्या अध्यक्षांचा फोटो, मागे रंगाचे शिंतोडे, वर जाड अक्षरात 'रहाड' आणि त्या अक्षरांच्या आत गुलालाचा फोटो. त्याने अध्यक्षांवर क्लिक केलं तर अख्खा गोल हलला. पुन्हा क्लिक केलं, पुन्हा तेच. मग मेनूत शोधाशोध करून त्याने 'एक्स्ट्रॅक्ट कंटेंट्स' दाबलं. गोलात नीट बसलेला फोटो बाहेर सांडला आणि निम्म्या फ्लेक्सवर पसरला. त्यात अध्यक्षांच्या दोन्ही बाजूंना उभी असलेली चार माणसं होती, मागे लावलेली मोटारसायकल होती, कोपऱ्यात चहाची टपरी होती. गोल रिकामा पडला. आधी फोटो नेमका किती मोठा होता, कुठे बसवला होता, हे कुणालाच आठवेना.

हा लेख त्या मुलासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी आहे. मास्क केलेलं, म्हणजे एखाद्या आकाराच्या आत बसवून बाहेरचा भाग झाकलेलं, डिझाईन दुरुस्त करायचं तर ते सोडवायचं नसतं, त्याच्या आत शिरायचं असतं. कोरल ड्रॉ, इलस्ट्रेटर आणि इंकस्केप या डिझाईनच्या तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये आत शिरायची वाट वेगळी आहे. ती सापडली की बाकीचं सवयीने येतं.

रस्त्याखालची रहाड

नाशिककरांना मास्क समजावून सांगणं सोपं आहे, कारण आपल्याकडे रहाडी आहेत. तिवंधा चौकात किंवा शनि चौकात एरवी गेलात तर पायाखाली साधा रस्ता. गाड्या जातात, भाजीवाले बसतात. पण खाली पेशवेकालीन दगडी हौद शाबूत असतो. रंगपंचमी आली की माती काढतात, फळ्या काढतात, रंग भरतात आणि लोक त्यात धप्पा मारतात. सण सरला की पुन्हा वर फळ्या आणि माती.

क्लिपिंग मास्क असाच चालतो. एक बंद आकार चौकट होतो. त्याच्या आत जेवढा भाग येतो तेवढा दिसतो, बाहेर जाणारा भाग झाकला जातो. झाकलेला भाग फाईलमध्ये जसाच्या तसा असतो. म्हणूनच फोटो गोलात सरकवता येतो, लहानमोठा करता येतो, आणि म्हणूनच तो चुकून सोडवला की टपरीसकट सगळं बाहेर येतं.

नावांचा घोळ एकदाच मिटवून टाकू. कोरलमध्ये याला पॉवरक्लिप म्हणतात. इलस्ट्रेटरमध्ये क्लिपिंग मास्क आणि तयार झालेल्या गठ्ठ्याला क्लिप ग्रुप. इंकस्केपमध्ये नुसतं क्लिप. यांपेक्षा वेगळा एक प्रकार आहे, ज्यात कडा धारदार न राहता हळूहळू विरत जातात. त्याला इलस्ट्रेटरमध्ये ओपॅसिटी मास्क आणि इंकस्केपमध्ये मास्क म्हणतात. त्याच्याकडे पुढे वळू. नाशिकच्या दुकानांत कुठल्याही सॉफ्टवेअरवर बसलेला माणूस सगळ्यालाच पॉवरक्लिप म्हणतो, त्याला इलाज नाही.

हात लावण्याआधी

फाईल उघडल्यावर पहिलं काम: 'सेव्ह ॲज' करून तिला नवीन नाव आणि या वर्षाचा आकडा द्या. हे सांगायला लागू नये, पण लागतं.

दुसरं काम म्हणजे कोण कुणाला झाकतंय हे ओळखणं. आकारावर एकदा क्लिक करा आणि सॉफ्टवेअर त्याला काय म्हणतं ते वाचा. कोरलमध्ये खालच्या पट्टीवर आणि ऑब्जेक्ट मॅनेजरमध्ये (नव्या आवृत्त्यांत नुसतं 'ऑब्जेक्ट्स') पॉवरक्लिप असं लिहिलेलं दिसतं. इलस्ट्रेटरच्या लेयर्स पॅनेलमध्ये क्लिप ग्रुपच्या आत ज्या नावाखाली रेघ मारलेली असते ती चौकट, बाकीचा सगळा आतला माल. इंकस्केपमध्ये खालच्या पट्टीत वस्तूच्या वर्णनात 'क्लिप्ड' किंवा 'मास्क्ड' असा शब्द येतो.

झाकलेलं एका नजरेत बघायचं असेल तर रेषांचं दृश्य चालू करा. इलस्ट्रेटरमध्ये कंट्रोल-वाय दाबलं की रंग जातात आणि सगळ्या आकारांच्या नुसत्या कडा उरतात, झाकलेल्यासुद्धा. इंकस्केपमध्ये आउटलाइन दृश्यात क्लिपची कड हिरवी, मास्कची निळी आणि फोटोंची चौकट लाल दिसते. दुसऱ्याने बनवलेल्या फाईलवर काम करताना मी हे आधी करते. घरात शिरण्याआधी दारं कुठे आहेत ते बघून घ्यावं, तसं.

कोरल: सगळ्यात आधी हे शिका

नाशिकमध्ये फ्लेक्स, लग्नपत्रिका, द्राक्षाच्या पेट्यांची लेबलं यांचं बहुतेक काम कोरलवर चालतं, त्यामुळे इथे जरा थांबू. मेनूचं एक सांगून ठेवते: जुन्या आवृत्त्यांत पॉवरक्लिप इफेक्ट्स मेनूत सापडेल, नव्यांत ऑब्जेक्ट मेनूत. दोन दुकानांत दोन आवृत्त्या असतात, म्हणून नवी मुलं गोंधळतात.

अध्यक्षांचा फोटो बदलायचा आहे, असं धरू.

पहिली पायरी. कंट्रोल दाबून ठेवा आणि गोलावर क्लिक करा. तुम्ही आत गेलात. गोलाची आता नुसती रेषा दिसते आणि फोटो पूर्ण उघडा पडतो. जमलं नाही तर उजवी कळ दाबून 'एडिट पॉवरक्लिप' निवडा, काम तेच.

दुसरी. जुना फोटो लगेच पुसू नका. नवा फोटो इथेच, आत असतानाच इम्पोर्ट करा. मग जुन्या फोटोतला चेहरा आणि नव्यातला चेहरा एका मापाचे करा. गोल किती मोठा आहे याला फारसा अर्थ नसतो, डोकं गोलाच्या कुठल्या भागात येतं आणि कपाळावर किती जागा सुटते यावर फोटो चांगला दिसतो. जुन्या डिझायनरने ते जमवलेलं असेल तर त्याच्या मापाचा फायदा घ्या. डोळ्यांच्या रेषेवर एक गाईडलाईन ओढा, नव्या फोटोचे डोळे त्याच रेषेवर आणा.

तिसरी. आता जुना फोटो काढून टाका. खालच्या बाजूचं 'फिनिश' बटण दाबा किंवा कंट्रोल दाबून बाहेर रिकाम्या जागेत क्लिक करा. बाहेर आलात.

एवढंच आहे. नवख्यांच्या चुका मात्र ठरलेल्या. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आत असताना आपण आत आहोत हे विसरणं. मग बॅनरच्या खाली तारीख टाईप करायला जातात, ती पॉवरक्लिपच्या आत जाते आणि बाहेर आल्यावर गायब होते. "ताई, मजकूर उडाला." उडालेला नसतो, गोलाच्या बाहेर असल्यामुळे झाकला गेलेला असतो. पुन्हा आत जा, तिथे सापडेल. तो कट करा, बाहेर या आणि पेस्ट करा.

दुसरी चूक आपोआप मधोमध बसवण्याची. जुन्या आवृत्त्यांत कुठलीही वस्तू पॉवरक्लिपमध्ये टाकली की ती चौकटीच्या बरोबर मध्ये जाऊन बसते. तुम्ही बाहेर फोटो नीट जुळवून ठेवलेला असतो आणि आत टाकल्यावर त्याचं डोकं उडतं. ऑप्शन्समध्ये पॉवरक्लिपच्या भागात जाऊन हे बंद करता येतं. नव्या कॉम्प्युटरवर बसल्यावर मी ही खूण सगळ्यात आधी काढते.

तिसरी गोष्ट कुलपाची. 'लॉक कंटेंट्स टू पॉवरक्लिप' चालू असेल तर गोल हलवला की आतला फोटोही सोबत जातो. बंद असेल तर फोटो जागच्या जागी राहतो आणि गोल खिडकीसारखा त्याच्यावरून सरकतो. दोन्ही उपयोगाचं आहे. एकाच मोठ्या फोटोवर खिडकी फिरवून चांगला भाग शोधायचा असेल तर कुलूप काढा, फ्लेक्सची मांडणी बदलायची असेल तर लावा. गडबडीच्या दिवशी मात्र ते लावलेलंच बरं.

पॉवरक्लिप निवडल्यावर खाली छोटी पट्टी येते, त्यात फोटो चौकटीत बसवायचे तीन-चार पर्याय असतात. 'फिल फ्रेम प्रपोर्शनली' वापरा: चौकट पूर्ण भरते आणि फोटोचं प्रमाण बिघडत नाही. 'स्ट्रेच कंटेंट्स' वापरू नका. माणूस रुंद होतो, आणि ज्याचा फोटो आहे तो ते ओळखतो.

इलस्ट्रेटरमध्ये

इथे चौकट नेहमी वर ठेवायची. खाली फोटो, वर गोल, दोन्ही निवडा आणि कंट्रोल-७. सोडवायचं असेल तर ऑल्ट आणि कंट्रोल धरून ७. हे दुसरं लक्षात ठेवा, पण लागलीच वापरू नका.

आत शिरायला सिलेक्शन टूलने क्लिप ग्रुपवर डबल क्लिक करा. बाकीचं पान फिकट होतं. याला आयसोलेशन मोड म्हणतात आणि कोरलपेक्षा ही सोय मला जास्त आवडते, कारण आपण आत आहोत हे डोळ्यांना सतत कळत राहतं. फोटो सरकवा, नवीन काही पेस्ट करा, ते ग्रुपच्या आतच जाईल. एस्केप दाबलं की बाहेर.

फोटो जर लिंक केलेला, म्हणजे फाईलच्या आत न घेता बाहेरून नुसता जोडलेला, असेल तर आत शिरायचीही गरज नाही. लिंक्स पॅनेलमध्ये तो फोटो निवडा, 'रीलिंक' दाबा, नवी फाईल दाखवा. मास्क तसाच राहतो, जागा तशीच राहते. दरवर्षी फोटो बदलणाऱ्या मंडळांच्या फाईल मी अशाच बनवून ठेवते. फक्त फोटोंचा फोल्डर फाईलसोबत ठेवा. पेन ड्राईव्हवर एकटी फाईल घेऊन छापखान्यात गेलात तर तिथून फोन येतो.

कोरलहून आलेल्यांना चकवणारी एक गोष्ट: इलस्ट्रेटरमध्ये गोलाला मास्क केलं की त्याचा रंग आणि किनार दोन्ही जातात. "माझी सोनेरी बॉर्डर कुठे गेली?" असं विचारत बसू नका. डायरेक्ट सिलेक्शन टूलने गोलाच्या कडेवर क्लिक करा आणि किनार पुन्हा द्या. कोरलमध्ये चौकटीची किनार टिकते. इंकस्केपमध्ये क्लिप झालेल्या आकाराचा रंग किंवा किनार धरलीच जात नाही, त्यामुळे क्लिप करण्याआधी गोलाची एक प्रत काढून बाजूला ठेवा आणि नंतर ती किनार म्हणून वरून बसवा.

इंकस्केप, म्हणजे फुकटातलं

ज्याच्या घरी साधा कॉम्प्युटर आहे आणि शिकायचं आहे त्याने इंकस्केपवर शिकावं, असं माझं मत. ते मोफत आहे, मुक्त आहे, आणि त्याची फाईल एसव्हीजी असल्यामुळे इतरत्रही उघडते. पण इथे क्लिपचा स्वभाव निराळा आहे, तो कळला नाही तर चिडचिड होते.

कोरलमध्ये चौकट ही पेटी असते आणि फोटो तिच्यात ठेवलेला माल. इंकस्केपमध्ये क्लिप ही फोटोच्याच अंगाला चिकटते. फोटो हलवला की क्लिप त्याच्यासोबत जाते. म्हणजे गोल जागच्या जागी ठेवून आत फोटो सरकवायचा तर सरकवणार कसा?

उत्तर ग्रुपमध्ये आहे. फोटो एकटा असला तरी आधी कंट्रोल-जी दाबून त्याचा ग्रुप करा. वर गोल ठेवा, दोन्ही निवडा, ऑब्जेक्ट मेनूतून क्लिप सेट करा. आता क्लिप ग्रुपला लागली आहे, फोटोला नाही. ग्रुपवर डबल क्लिक करून आत शिरा आणि फोटो हवा तसा फिरवा, गोल हलणार नाही. आत असताना पेस्ट केलेला नवा फोटोही त्याच गोलात दिसेल. ज्या फाईलमध्ये फोटोलाच थेट क्लिप लावलेली आहे ती मात्र एकदा सोडवून अशा रीतीने पुन्हा बांधावी लागते. मी वर 'सोडवू नका' म्हटलं, त्याला हा अपवाद.

चौकटीचा आकार बदलण्याबद्दलही इथेच सांगते. इंकस्केपमध्ये नोड टूल घेतलं की वरच्या पट्टीत क्लिपच्या कडा दाखवणारं एक बटण असतं आणि मास्कसाठी दुसरं. ते दाबलं की कडेवरचे बिंदू दिसतात आणि ओढता येतात. गोल किंवा चौकोन असेल तर क्लिप करण्याआधी त्याचा 'ऑब्जेक्ट टू पाथ' करून घ्या, म्हणजे नंतर बिंदू हाताशी येतात. इलस्ट्रेटरमध्ये हे काम डायरेक्ट सिलेक्शन टूलने होतं. कोरलमध्ये चौकट निवडून कंट्रोल-क्यू दाबा म्हणजे तिचे कर्व्ह होतात, मग शेप टूलने ओढा, आतला फोटो आतच राहतो. गोलाचा थेंब करायचा असेल, वरचा बिंदू टोकदार करून ओढायचा असेल, तर तीन मिनिटांचं काम.

देवनागरी अक्षरांत फोटो भरताना

'रहाड' या अक्षरांच्या आत गुलाल भरायचा होता ना? इंग्रजीत शिकवणारे व्हिडिओ बघून शिकलेली मुलं इथे हमखास अडकतात, कारण त्या व्हिडिओंतल्या अक्षरांना शिरोरेखा नसते.

आपली अक्षरं एकमेकांना चिकटलेली असतात. ती कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारात, बदलली (कोरलमध्ये कंट्रोल-क्यू) तरी प्रत्येक अक्षराची कड वेगळीच राहते आणि त्यांच्या शिरोरेखा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात. काना, वेलांटी, मात्राही तशाच. हे सगळे आकार एक करायला मुलं 'कम्बाइन' वापरतात. कम्बाइनमध्ये जिथे दोन आकार एकमेकांवर येतात तिथे भोक पडतं. मग 'र' आणि 'ह'च्या मध्ये शिरोरेखेवर एक बारीक पांढरी फट दिसते. पडद्यावर ती दिसत नाही, दहा फुटांच्या फ्लेक्सवर रस्त्याच्या पलीकडून दिसते.

म्हणून कम्बाइन नको, 'वेल्ड' करा. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं 'युनाइट', इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं 'युनियन'. तिन्हींचं काम एकच, चढलेले भाग वितळून एक सलग आकार होतो. 'ह'च्या आतलं पोट किंवा 'ड'ची पोकळी मात्र राहते, ती राहायलाच हवी. त्यानंतर हा आकार चौकट म्हणून वापरा.

वेल्ड करण्याआधी मूळ मजकुराची एक प्रत पानाच्या बाहेर ठेवून द्या. कर्व्ह झालेलं अक्षर पुन्हा टाईप करता येत नाही, आणि मंडळाचं नाव छापायला जायच्या दहा मिनिटं आधी बदललेलं मी पाहिलं आहे. दोनदा.

विरत जाणारी कड

आता तो दुसरा प्रकार. समजा फ्लेक्सच्या तळाला गोदाघाटाचा फोटो हवा आहे आणि तो वरच्या बाजूला हळूहळू भगव्या पार्श्वभूमीत मिसळायला हवा. २०२७च्या सिंहस्थाच्या निमित्ताने असल्या फ्लेक्सची नाशिकला कमी पडणार नाही. क्लिपने हे होत नाही, कारण क्लिपला दिसणं आणि न दिसणं एवढंच कळतं. इथे ओपॅसिटी मास्क लागतो.

नियम असा: मास्कमध्ये जिथे पांढरं तिथे फोटो उघडा, जिथे काळं तिथे झाकलेला, राखाडी तिथे अर्धवट. फोटोवर एक चौकोन ठेवा, त्यात खाली पांढरा आणि वर काळा असा एकमेकांत मिसळत जाणारा रंग, म्हणजे ग्रेडियंट, भरा, दोन्ही निवडा आणि इलस्ट्रेटरच्या ट्रान्सपरन्सी पॅनेलमध्ये 'मेक मास्क' दाबा. इंकस्केपमध्ये ऑब्जेक्ट मेनूतून मास्क सेट करा. उलटं दिसलं तर घाबरू नका, इलस्ट्रेटरमध्ये 'इन्व्हर्ट मास्क'ची खूण आहे. कोरलवाल्यांनी ट्रान्सपरन्सी टूल फोटोवर खालून वर ओढलं तरी जवळपास हाच परिणाम मिळतो.

दुरुस्ती करताना इलस्ट्रेटरमध्ये एक सापळा आहे. ट्रान्सपरन्सी पॅनेलमध्ये दोन छोटी चित्रं दिसतात, डावीकडे फोटो आणि उजवीकडे मास्क. उजव्या चित्रावर क्लिक केलं की तुम्ही मास्कच्या आत जाता, आणि लेयर्स पॅनेलमध्ये तुमचे सगळे लेयर नाहीसे होऊन फक्त मास्क उरतो. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला वाटलं फाईल गेली. फाईल शाबूत होती, डाव्या चित्रावर क्लिक केलं आणि सगळं परत आलं. मास्क तात्पुरता बंद करून बघायचा असेल तर शिफ्ट धरून उजव्या चित्रावर क्लिक करा, त्यावर लाल फुली येते.

पीडीएफ उघडल्यावर

ग्राहक मूळ फाईलऐवजी पीडीएफ घेऊन येतो तेव्हा मास्कच्या आत मास्क, त्याच्या आत मास्क असं सापडतं. पीडीएफ बनताना सॉफ्टवेअर आपल्या सोयीने चौकटी घालतं, त्यातल्या अर्ध्या बिनकामाच्या असतात. इथे सोडवत बसावं लागतं, पण बाहेरून आत, एकेक थर. प्रत्येक थर सोडवल्यावर बघा: काही बदललं नाही तर ती चौकट फालतू होती, काही बाहेर आलं तर लगेच कंट्रोल-झेड. इलस्ट्रेटरमध्ये सिलेक्ट मेनूतून सगळे क्लिपिंग मास्क एकदम निवडता येतात. निवडून डिलीट दाबण्याचा मोह होतो. दाबू नका, कामाचे मास्कही त्यात असतात.

कटिंगला आणि बाहेर फाईल देताना

एका द्राक्ष बागायतदाराच्या पिकअपवर रेडियमचं काम होतं. दरवाजावर गोल, गोलात द्राक्षाचा घड आणि वेल. मी वेल पॉवरक्लिप करून गोलात बसवला, पडद्यावर सुंदर दिसत होता, फाईल कटिंगला दिली. प्लॉटरची, म्हणजे कापणाऱ्या यंत्राची, सुरी गोलाच्या काठावर थांबलीच नाही. झाकलेली पानं, बाहेर गेलेल्या फांद्या, सगळं तिने इमानेइतबारे कापलं. रेडियमचा मोठा तुकडा वाया गेला, चूक माझीच.

छपाईला मास्क चालतो, कारण छपाईला फक्त दिसण्याशी मतलब. कटिंग प्लॉटर आणि लेझर रेषांवरून चालतात आणि त्यांना झाकलेलं कळेलच याची खात्री नसते. अशा कामात आकार खरोखर कापून द्या. कोरलमध्ये पॉवरक्लिप सोडवा, गोल आणि वेल निवडून 'इंटरसेक्ट' करा. इलस्ट्रेटरमध्ये पाथफाइंडरमधलं 'क्रॉप', इंकस्केपमध्ये पाथ मेनूतलं 'इंटरसेक्शन'. मग रेषांच्या दृश्यात तपासा: गोलाबाहेर एकही रेष दिसता कामा नये.

आणि ती चार माणसं, ती टपरी? उघडी फाईल दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तेव्हा त्यांचाही विचार करा. एकदा एका कुटुंबाने पत्रिकेसाठी समूहफोटो दिला, त्यातला एक जण नको होता. मी मास्क करून तो झाकला. ते फाईल घेऊन दुसरीकडे छापायला गेले, तिथे कुणीतरी मास्क सोडवला आणि नको असलेला माणूस छापखान्यातल्या सगळ्यांसमोर पडद्यावर आला. तेव्हापासून फोटोचा झाकलेला भाग खरोखर काढून टाकायचा असेल तर मी काम पूर्ण झाल्यावर प्रतीत पॉवरक्लिपचा 'कन्व्हर्ट टू बिटमॅप' करते, म्हणजे जेवढं दिसतं तेवढ्याचंच एक सपाट चित्र होतं. इलस्ट्रेटरमध्ये एम्बेड केलेल्या, म्हणजे फाईलच्या आतच घेतलेल्या, फोटोला 'क्रॉप इमेज' आहे. इंकस्केपमध्ये 'मेक अ बिटमॅप कॉपी' करा आणि मूळ फोटो काढून टाका. याने फाईलचं वजनही बऱ्याचदा उतरतं, पण मूळ फाईल स्वतःकडे तशीच ठेवा, पुढच्या वर्षी फोटो बदलायचाच आहे.

सरावाला एक काम

आपल्या घरातला कुठलाही फोटो घ्या. तो गोलात बसवा. आता न सोडवता तीन गोष्टी करा: फोटो गोलात थोडा डावीकडे सरकवा, गोलाचा थेंब करा, फोटो बदलून दुसरा टाका. मग 'नाशिक' ही अक्षरं वेल्ड करून त्यांच्यात तोच फोटो भरा आणि शिरोरेखेवर मोठं करून फट आहे का बघा. शेवटी हीच फाईल दोन दिवसांनी उघडा आणि झाकलेलं सगळं कुठे कुठे आहे ते शोधून काढा. आमच्याकडच्या मुलाला हे पहिल्यांदा करायला पूर्ण दुपार लागली. या वर्षी पंचमीच्या आदल्या संध्याकाळी तो मुलगाच अध्यक्षांचा फोटो बदलत होता, आणि ग्राहकाचा चहा येईपर्यंत फाईल छपाईला गेलीसुद्धा.